मधलं कुणाचं?

“मी सांगतो ना दाजी, सहा फूट तुमच्या बाजूनं सुटलंय.”

“आन् तुमच्या बाजूनं? तुमचं बी सहाच हाय. टेप लावून बघा.”

“आम्ही हद्द पाळली.”

“मग आमी काय मोडली व्हय?”

“मोडली असं कोण म्हणतंय? पाळली, हाच तर घोटाळा आहे!”

“हळू!” इंदुताई दारातून म्हणाल्या. “लेकरं झोपलीयेत.”

दोन्ही सरपंच एकदम गप्प झाले. मग तेच भांडण, जिथं तुटलं होतं तिथूनच, कुजबुजत पुढं सुरू झालं. आवाज दाबला की माणसाचे हातवारे वाढतात. आंबेथळचे सरपंच उद्धवराव, साठी ओलांडलेले, डोक्याला टोपी, हत्तीचं चित्र असलेल्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांचे गुडघे छातीला टेकले होते. समोर सशाच्या खुर्चीवर गोठणवाडीचे सरपंच रणजीत, पंचेचाळिशीचे, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. उद्धवरावांच्या बायकोचा हा सख्खा धाकटा भाऊ. एक दाजी, एक मेव्हणा आणि दोघांच्या मध्ये ओढा.

दाजींनी मेव्हण्याच्या पंचायतीची पायरी चढायची नाही आणि मेव्हण्यानं दाजींच्या पंचायतीची चढायची नाही, हे संयुक्त समितीच्या पहिल्या बैठकीत ठरलं होतं. खरं तर पहिल्या बैठकीत तेवढंच ठरलं. मग बैठक घ्यायची कुठं? तर इंदुताईंच्या पाळणाघरात. जागा पुलाच्या तोंडाशी, जमीन आंबेथळची, खोलीचा मालक गोठणवाडीचा. दोघांनाही आपल्याच घरी बसल्यासारखं वाटत होतं. इंदुताईंना कुणी विचारलं नव्हतं. ऑक्टोबरपासून ही सातवी बैठक, आणि प्रत्येक बैठकीची वेळ दुपारची दीड, कारण तोवर दोन्ही सरपंचांची जेवणं झालेली असत. लेकरांच्या झोपेची वेळही नेमकी तीच.

इंदुताई औशाकडच्या. नवरा भिवा इथल्या एका फाउंड्रीत लागला तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आल्या तेव्हा इथली बोली त्यांना तोडून बोलल्यासारखी वाटायची आणि त्यांची बोली इथल्या बायकांना गाणं म्हटल्यासारखी. आता त्या दोन्ही मिसळून बोलतात. पाळणाघर त्यांनी काढलं नाही, ते झालं. वीस वर्षांपूर्वी शेजारची एक बाई पहाटे सव्वासहाला चार वर्षांची पोर हातात देऊन म्हणाली, “वहिनी, पहिली शिफ्ट लागलीय. आठवडाभर सांभाळा, पुढचं बघते मी.” ती पोर वर्षाली. आता वर्षाली स्वतः वायर जोडायच्या लाइनवर पहिल्या शिफ्टला असते आणि सव्वासहाला आपली दीड वर्षाची ओवी इंदुताईंच्या हातात देते. पुढचं अजून कुणी बघितलेलं नाही.

सव्वासहाला लेकरू घेणारं दुसरं पाळणाघर कुरुळीपर्यंत नाही. म्हणूनच गेल्या ऑगस्टमधली ती सकाळ कुणी विसरलेलं नसतानाही आया इथंच येतात. विसरता येत नाही आणि जाताही येत नाही, अशी गत.

वरच्या अंगाला पूर्वी माळ होता. म्हातारी माणसं सांगतात, पाऊस झाला तरी ओढ्याला पाणी यायला अर्धा दिवस लागायचा. आता तिकडं शेडला शेड लागलीय आणि शेडच्या भोवती सिमेंट. पत्र्यावर पडलेलं पाणी चहा उकळेस्तोवर पुलाशी येतं. त्यात आंबेथळकरांनी आपल्या काठावर राडारोडा टाकून भराव उंच केला. ते बघून गोठणवाडीनं दीड हात जास्त उंच केला. मग आंबेथळनं पुन्हा. तीन वर्षं दोन्ही गावं एकमेकांकडं पाणी लोटत होती आणि लोटलेलं पाणी मध्ये पुलाशी सापडलेल्या एका खोलीत शिरायला टपलं होतं.

त्या सकाळी पावणेअकराला ते शिरलं. इंदुताई बाजरीचं पीठ चाळत होत्या. पायाला गार लागलं म्हणून खाली बघितलं, तर चाळणीखालचा कागद तरंगत होता. अकरा लेकरं. त्यांनी आणि मदतीला असलेल्या अंजलीनं एकेकाला काखेत मारून मागच्या जिन्यानं स्लॅबवर नेलं. शेवटच्याला आणलं तेव्हा पाणी मांडीला होतं. वर ताडपत्रीखाली अकरा डोकी मोजली, पुन्हा मोजली, मग फोन काढला. अकरा आयांना अकरा फोन. एकही लागला नाही. लागणार कसा? लाइनवर फोन चालत नाही, गेटवरच्या कपाटात ठेवून आत जावं लागतं. साडेतीनला शिफ्ट सुटली, आयांनी फोन चालू केले आणि पूल पाण्याखाली गेल्याचं अकराही जणींना कंपनीच्या गेटवर एकाच वेळी कळलं. वर्षाली धावत आली, पाण्यापलीकडं उभी राहिली आणि तिनं हाक मारली नाही. नुसती बघत राहिली. पाणी ओसरेपर्यंत, दोन तास. इंदुताईंना तिची ती नजर अजून झोपू देत नाही.

नंतर एकदा ती एवढंच म्हणाली, “काकू, पुढच्या वेळी मला काम सोडावं लागेल. तुमच्यावर राग नाही. पण सोडावं लागेल.”

त्यानंतर संयुक्त समिती झाली. आधी समितीचा व्हॉट्सअप ग्रुप झाला, कारण पाणी चढलं की सगळ्यांना एकदम कळावं. ग्रुपवर आता रोज सकाळी फुलं येतात, वाढदिवस येतात, कुणाच्या तरी पुतण्याच्या दुकानाचं उद्घाटन येतं. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात इंदुताईंनी ‘पुलाच्या दुसऱ्या कमानीला पाणी लागलंय’ असं टाकलं. त्याखाली तेहतीस जणांनी कुणाला तरी दीर्घायुष्य चिंतलं, आणि एकानं त्यांच्या निरोपाला हात जोडले.

तरी ओढ्यातला गाळ काढायचं यंत्र आलं. एका कंपनीनं समाजकार्य म्हणून दिलं. अट एकच, दोन्ही गावांच्या सह्या हव्यात. सह्या झाल्या. ओढा कोरडा होता. पहिल्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांनी दोन टेप लावून ओढ्याची मध्यरेषा काढली आणि तिच्यावर फक्की टाकली, खोखोच्या मैदानावर टाकतात तशी, सरळ आणि पांढरीशुभ्र. दोन नारळ फुटले. उरलेल्या फक्कीची पिशवी कुठं ठेवायची? इंदुताईंच्या दारामागं. पोकलेन चालवायला आलेला ज्योतीराम निलंग्याचा निघाला. पाणी प्यायला आला, इंदुताईंची बोली ऐकली आणि लगेच मावशी म्हणायला लागला.

“मावशी, एक इच्यारू? मधलं कुणाचं हाय?”

“कसलं मधलं?”

“ओढ्याचं. हे म्हणलालेत रेषेला बकेट लावू नको, वाद हुईल. ते बी तेच म्हणलालेत.”

इंदुताईंनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. तीन दिवस आंबेथळची बाजू झाली, तीन दिवस गोठणवाडीची. सातव्या दिवशी सकाळी त्या पुलावर उभ्या राहिल्या आणि खाली बघून त्यांचं हसू पळालं. दोन्हीकडं चकचकीत खोल चर, आणि मधोमध बारा फूट रुंदीचा, पुलापासून पार वळणापर्यंत गेलेला उंचवटा. त्यावर गेल्या साली वाहून आलेल्या गोण्या, प्लास्टिक, पाणकणीस, एक अख्खा सोफा. आणि सगळ्याच्या वर ती पांढरी रेघ, जशीच्या तशी. पुलाच्या मधल्या कमानीचं तोंड त्या उंचवट्यानं अर्धं बंद झालं होतं. पाणी आता दोन चरांतून जोरात येणार, कमानीवर आपटणार आणि फिरून काठावर येणार. काठावर काय आहे, हे इंदुताईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

आजची बैठक त्याचसाठी होती.

“आमच्या ठरावात ‘गावच्या हद्दीत’ असं लिहिलंय,” रणजीत कुजबुजला. “हद्दीबाहेर बकेट गेली की उद्या कुणीही अर्ज टाकतो. दाजी, तुमच्याच गावात आहेत असले, माहितीये तुम्हाला.”

“आमच्या गावात? तुमच्या त्या कागदवाल्या चुलत्यानं माझ्या शेताच्या बांधावनं तीन वरीस तारखा खाल्ल्या, त्ये इसरलास व्हय?”

“तो विषय वेगळा.”

“इषय तोच हाय! म्हून तर सहा फूट सोडलं म्या.”

“म्हणून आम्हीपण सोडलं!”

“मग भांडताय कशाला?” इंदुताई म्हणाल्या. त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं, जरा जोरातच. आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलली. “दोघांचं एकच म्हणणं आहे की. तुम्ही पण सोडलं, त्यांनी पण सोडलं. आता काढा.”

“कुणी काढायचं?” दोघं एकदम म्हणाले.

इंदुताईंनी डोळे मिटले.

“ताई, तुमाला वाटतं तेवढं सोपं न्हाई,” उद्धवराव समजावणीच्या सुरात म्हणाले. “हद्द म्हंजी हद्द असती.”

“पाण्याला सांगितलीय का?”

“आता काय बोलावं तुमच्याम्होरं!”

“काही बोलू नका. चार दिवसांवर पाऊस सांगितलाय. यंत्र आज चारला जाणार. वाजले किती? सव्वादोन.” त्यांनी पदर खोचला. “मला एक सांगा. चैत्रात पाणजाईची पालखी तुमच्याकडून यांच्याकडं जाते ना?”

“जाती की. पाच दिस माहेरपणाला.”

“ओढ्यात मध्यावर खांदा बदलता.”

“व्हय. मध्यावरच. आमी पलीकडच्या काठाला पाय लावीत न्हाई, ते अलीकडं येत न्हाईत. पूर्वीपासनं हाय त्ये.” उद्धवराव सैल झाले. हा विषय त्यांचा आवडता. टोपी नीट केली. “चार खांदे आमचे, चार त्यांचे.”

“अठ्ठावीस वर्षं बघतेय मी, पुलावर उभी राहून. तुमचे चौघं मध्यावर आले की पालखी खाली ठेवतात का?”

“ठिवत्यात? अहो, पालखी भुईला टेकवायची नसती!”

“मग? मध्यावर आले आणि सहा फूट अलीकडंच थांबले, असं होतं का? आणि त्यांचे चौघं सहा फूट पलीकडं? पालखी काय वाऱ्यावर राहते?”

रणजीतच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तो तरुणपणी खांदेकरी होता. “नाही,” तो हळूच म्हणाला. “आम्ही पुढं जातो. दांडीखाली शिरतो. त्यांचे अजून सोडत नाहीत तोवर आमचे धरतात. चार-पाच पावलं आठही खांदे असतात.”

“कुणाच्या हद्दीत?”

“...दोघांच्या.”

“मग तसंच करा ना! आठ खांदे!” इंदुताई विसरल्या की लेकरं झोपलीयेत. “यंत्र यांच्या बाजूनं घाला, रेषा ओलांडून सहा फूट पलीकडं जाऊ द्या. मग त्यांच्या बाजूनं घाला, सहा फूट अलीकडं येऊ द्या. रेषेवरचं दोनदा निघेल. निघू दे! दोनदा निघालं म्हणून कुणाचं काय जातंय? एवढी वर्षं देवी देताय-घेताय, एक गाळ देता येत नाही?”

आत ओवी रडायला लागली. अंजली उठली, पण तिच्या मांडीवर दुसरं एक नुकतंच झोपलेलं होतं. इंदुताईच आत गेल्या आणि ओवीला खांद्यावर टाकून बाहेर आल्या. बघतात तर काय, दोन्ही सरपंचांचे चेहरे उजळलेले. क्षणभर त्यांना वाटलं, जमलं.

“ह्ये पटलं मला,” उद्धवराव म्हणाले. “देवीचीच रीत हाय. गावात कुणी नाव ठिवणार न्हाई.”

“आमच्याकडंही चालेल,” रणजीत म्हणाला. “उत्तम.”

“मग सांगा ज्योतीरामला.”

“सांगतो की. पहिल्यांदा तुमी घ्या, रणजीतराव.”

“छे छे. दाजी, तुम्ही मोठे. पहिला मान तुमचा.”

“मान कसला त्यात? पाव्हण्यांनी आधी.”

“पालखी तुमच्याकडून निघते ना? मग आधी तुम्हीच.”

“येताना तुमच्याकडनं निघती की.”

“येताना म्हणजे पाच दिवसांनी, दाजी.”

“मग आमी पाच दिसांनी करतो!”

इंदुताई एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिल्या. मघाशी दोघं एकमेकांवर दात खात होते, तेव्हा निदान कळत तरी होतं. आता दोघं इतके गोड झाले होते की ऐकवत नव्हतं. आणि दोघांच्या मनात एकच होतं. जो आधी रेषा ओलांडेल त्याचा फोटो निघेल. तो फोटो पुढं कुठल्या अर्जाला लागेल, कुणी सांगावं? जो मागून जाईल तो म्हणणार, आम्ही नुसतं उत्तर दिलं.

दारात ज्योतीराम उभा राहिला. अंगभर धूळ, हातात किल्ली.

“मावशी, थांबू का जाऊ? ट्रेलरवाला निघालाय म्हणून फोन आलता. चारच्या आत पोचतो म्हणलाय. वर चढवायला अर्धा तास लागतंय मला.”

“थांब बाबा, ठरतंय इथं,” उद्धवराव म्हणाले.

“सकाळपासनं थांबलालोय की मी. नऊ वाजल्यापासनं. इंजिन थंड पडलं.” तो इंदुताईंकडं वळला. “मावशी, मधलं कुणाचं, ते कळलं का?”

ओवीनं इंदुताईंच्या खांद्यावर नाक पुसलं.

रणजीतनं घसा साफ केला. “असं करू या का? ताई, तुम्हीच सांगा, कुणी आधी जायचं ते. तुमचं दोन्ही गावं ऐकतील. तुम्ही काय, बाहेरच्या. तुम्हाला ना इकडचं, ना तिकडचं.”

“ह्ये बराबर बोलला,” उद्धवराव म्हणाले. “ताई बाहेरच्या हायेत.”

अठ्ठावीस वर्षं. या गावात त्यांनी किती लेकरांना चालायला शिकवलं याचा हिशेब नाही. रणजीतच्या भावाचा मुलगा त्यांच्याच मोरीत पहिल्यांदा आपल्या हातानं तोंड धुवायला शिकला. उद्धवरावांच्या नातीचा पहिला दात इथं या फरशीवर पडला होता आणि तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मतदान इथं, रेशन इथं, गेल्या ऑगस्टमधला चिखल इथं, अकरा डोकी इथं. आणि बाहेरच्या.

इंदुताईंनी भिंतीकडं बघितलं. गेल्या वर्षीची पाण्याची रेघ रंग देऊनही पुसली नव्हती. मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढी, म्हणजे ओवीच्या डोक्यावरून चांगली वीतभर. घड्याळात पावणेतीन झाले होते. पाऊण तासानं कंपनीच्या गेटवर वर्षाली कपाटातून फोन काढेल आणि रोजच्यासारखा आधी त्यांचाच नंबर बघेल.

“फक्त एवढंच,” उद्धवराव पुढं वाकून म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा मवाळ, पुन्हा समजावणीचा. “उद्या कुणी इच्यारलं, कुणाच्या सांगण्यावनं बकेट रेषेपल्याड गेली, तर तुमचं नाव सांगायचं ना आमी? तेवढं बोला म्हंजी झालं. लिहून नको. नुसतं तोंडी.”

“हो, तोंडीच,” रणजीत म्हणाला. “सांगू ना ताई?”

इंदुताईंनी ओवीला खांद्यावरून उतरवलं आणि उद्धवरावांच्या मांडीवर ठेवलं. गुडघे इतके वर आलेले की तिला तिथं आयताच झोका मिळाला. तिनं टोपी ओढली. उद्धवरावांनी घाबरून दोन्ही हातांनी तिला धरलं.

“ताई? अहो, ही... रणजीत, धर की जरा!”

“मी? दाजी, तुमच्याकडं दिलीय.”

“ताई, नाव सांगायचं का न्हाई?”

दारामागं फक्कीची पिशवी होती. इंदुताईंनी ती उचलली. जड होती. तोंडाची गाठ दातांनी सोडली तेव्हा पांढरी भुकटी त्यांच्या ओठांना लागली. चप्पल पायात सरकवली. ज्योतीरामनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा पिशवीकडं, आणि किल्ली मुठीत धरून तो दारातून बाजूला झाला.

“ताई! कुठं निघालात? ताई, अहो, बोला की काहीतरी!”

उंबऱ्यापासून पुलाच्या उतारापर्यंत वीसेक पावलं. तिथून पुढं ओढ्यात, त्या मधल्या उंचवट्याकडं उतरायला, गेल्या साली ढासळलेल्या भरावाची वाट होती. मागं ज्योतीरामची पावलं वाजत होती आणि खोलीतून दोन सरपंचांच्या हाका एकात एक मिसळून येत होत्या. पिशवीच्या सुटलेल्या तोंडातून फक्कीची बारीक धार दारापासून त्यांच्यामागं नव्या रेघेसारखी येत होती. इंदुताईंनी वळून बघितलं नाही.